अर्जदार हसताना दिसले

वायरमन शिडीवरून पडला तेव्हा त्याच्या ओठांत दोन स्क्रू धरलेले होते आणि पडतानाही त्याने ते सोडले नाहीत, हे तो आल्यागेल्याला रंगवून सांगायचा. त्याला स्वतःला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. शिडीखाली उभ्या असलेल्या जोडीदाराने ते त्याच्या बायकोला सांगितलं, बायकोने त्याला सांगितलं, आणि मग त्याने ते आपलंच करून टाकलं. एका सभागृहाच्या छताला दिवे बसवायचं काम चालू होतं. गुळगुळीत फरशीवर शिडीचा पाय सरकला. हात शाबूत राहिले, पाय शाबूत राहिले, आणि डोकं तेवढं खुर्च्यांच्या रांगेच्या लोखंडी दांड्यावर आदळलं.

त्याची बायको तयार कपड्यांच्या एका दुकानात मागच्या खोलीत शिलाई मशीनवर बसायची. गिऱ्हाइकाला पँट लांब झाली, बाह्या सैल झाल्या, की कपडा तिच्यापुढे यायचा. दुकानात तिला टेलरबाई म्हणत, आणि हळूहळू शेजारीपाजारीही तेच म्हणायला लागले होते. वायरमन आणि टेलरबाई, दोघंच घरात. मूलबाळ झालं नव्हतं. त्याचं दुःख करायचं ते त्यांनी तरुणपणीच करून घेतलं होतं.

इस्पितळातून तो चालत बाहेर आला. जखमेवर केस उगवले. पहिल्यासारखा बोलायचा, पहिल्यासारखाच लोकांना हसवायचा. भेटायला आलेले जाताना दारात टेलरबाईचा हात दाबून म्हणायचे, "नशीब बलवत्तर. माणूस आहे तसा परत मिळाला." ती मान हलवायची.

माणूस आहे तसा परत मिळालेला नव्हता. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला व्हरांड्यात गाठून स्पष्ट सांगितलं होतं. "जुनं सगळं त्यांना आठवेल. बोलणं चांगलं राहील. पण एखादं काम सुरू करून शेवटाला नेणं, धोका ओळखणं, वेळेचं भान, हे गेलंय. आणि गेलंय हे त्यांना कळणार नाही. ते खोटं बोलणार नाहीत. त्यांना मनापासून वाटेल की आपल्याला सगळं जमतंय. ज्याच्या जोरावर माणसाला आपली चूक कळते, मार नेमका तिथे बसलाय."

"मग मी त्यांना सांगत राहू?"

"सांगून बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण दर वेळी त्यांना ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटेल."

तिने एकदा सांगून बघितलं. तो चहा ठेवायला गेला होता आणि बिनपाण्याचं भांडं शेगडीवर लाल होत होतं. तिने ते दाखवलं. तो आधी हसला, मग गप्प झाला, मग डोक्याला हात लावून तिथेच ओट्याशी खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. संध्याकाळी त्याला काहीच आठवत नव्हतं. तिला मात्र ते रडणं आठवत राहिलं. त्या दिवशी तिने मनाशी ठरवून टाकलं की आता पुन्हा सांगायचं नाही.

मग तिने घरच असं लावून घेतलं की त्याला कुठे ठेच लागू नये. कामाला निघताना ती गॅसचा मुख्य कॉक बंद करून जायची आणि गॅसवाल्यांचं काहीतरी चाललंय म्हणायची. जेवण डब्यात झाकून ठेवायची. खालच्या मजल्यावरची शेजारीण अधूनमधून काही ना काही मागायच्या निमित्ताने डोकावून जायची. त्याला वाटायचं, ठेकेदाराचं बोलावणं येईपर्यंत आपण सुट्टीवर आहोत. ठेकेदार पूर्वी एकदा येऊन "बरे झालात की या" असं म्हणून गेला होता. पुन्हा त्याने तोंड दाखवलं नाही, पण वायरमनच्या हिशेबी तो कालच येऊन गेला होता.

रिकामे हात त्याला चैन पडू देईनात. एकदा ती दुकानातून परत आली तर भिंतीतला सॉकेट उघडा, बटण चालू, आणि हा दोन तारा ओढून काढून त्यातल्या एकीचं आवरण दातांनी सोलायच्या बेतात. सगळे वायरमन घाईत करतात तसं. तिने हातातली पिशवी त्याच्या मनगटावर मारली. तो दुखावला. "आल्या आल्या कसला राग काढतेस माझ्यावर?" म्हणाला. तिने आधी बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून एक लाकडी स्विचबोर्ड, चार बटणं, दोन प्लग आणि तारेचं वेटोळं आणलं. "आमच्या दुकानमालकांच्या ओळखीचा एक ठेकेदार आहे," ती म्हणाली. "त्याला तयार बोर्ड हवेत. तुमच्याशिवाय कुणाचं नाव घेणार मी?"

वायरमनची कळी खुलली. चष्मा पुसला, पक्कड आणि टेस्टर काढून टेबलावर ओळीने मांडले. दिवसभर तो त्या बोर्डाला चिकटून बसायचा. कधी अर्धा करायचा, कधी सगळ्या तारा एकाच बटणाला आणून बांधायचा. एखाद्या दिवशी काही बिनचूकही व्हायचं. झाला की ती तो पिशवीत घालून दुकानात न्यायची, मधल्या सुट्टीत मशीनच्या छोट्या स्क्रू ड्रायव्हरने सगळं सोडवायची, तारा सरळ करायची, आणि दोन-तीन दिवसांनी नवा बोर्ड म्हणून घरी आणायची.

"पसंत पडला का त्याला?" तो विचारायचा.

"म्हणाला, असं काम हल्ली बघायला मिळत नाही."

"मिळणार कसं? हल्लीचे लोक अर्थिंगची तार नुसती लोंबती सोडतात."

असं त्यांचं चाललं होतं, आणि तसंच चाललं असतं. पण एका शिलाईत दोघांचं भागणं कठीण होत गेलं. दुकानात नवीन मॅनेजर आला आणि त्याला टेलरबाईचं घड्याळाकडे बघणं खुपायला लागलं. तेव्हा वायरमनची थोरली बहीण पुढे सरसावली. वन्सं म्हणजे टेलिफोन खात्यात जन्म काढलेली बाई. नोकरी संपली तरी आवाजातला अधिकार संपला नव्हता. त्या म्हणाल्या, "सरकार अपंगांना भत्ता देतं तो कशासाठी? माझा भाऊ त्यात बसत नाही तर कोण बसतं?" अर्ज त्यांनीच आणला, त्यांनीच भरला, टेलरबाईने फक्त सही केली.

तपासणीला बोलावणं आलं. कार्यालयात एक हसतमुख तपासनीस बसला होता. टेलरबाई सोबत आत गेली, पण तपासनीस सुरुवातीलाच म्हणाला, "उत्तरं त्यांना स्वतःला देऊ द्या हं बाई."

"स्वयंपाक करता येतो का तुम्हाला?"

"ही ओट्याला हात लावू देईल तर ना," वायरमन म्हणाला. "नाहीतर माझ्या हातचं खाल्लंत तर पत्ता विचारत घरी याल."

"एकटे बाहेर जाता?"

"साहेब, या शहरातल्या निम्म्या इमारतींत माझी वायर आहे. मला कोण रस्ता दाखवणार?"

तारीख विचारली, ती त्याने समोरच्या भिंतीवरची वाचून सांगितली. मग वर बोट दाखवून म्हणाला, "तुमची ती ट्यूब फडफडतेय ना, तिचा स्टार्टर गेलाय. चोक बदलायला सांगतील, तर ऐकू नका. उगाच खर्चात पाडतील." तपासनीस मनापासून हसला. टेलरबाई मांडीवरच्या पर्सचा पट्टा पिळत बसली होती. तिच्या जिभेवर सॉकेट आला होता, दातांत धरलेली तार आली होती. पण नवरा शेजारीच बसला होता, खुशीत, कितीतरी दिवसांनी कुणाशी तरी कामाचं बोलत. ती गप्प राहिली.

नकार आला. जे जमत नाही त्याचे गुण मिळायचे, आणि त्याला एकाही मुद्द्यावर गुण नव्हता. अहवालात लिहिलं होतं की अर्जदार मोकळेपणाने आणि विनोदाने बोलतात, त्यांना स्थळकाळाचं भान आहे, आणि तपासणीच्या खोलीतल्या दिव्यातला बिघाड त्यांनी आपणहून अचूक ओळखला.

"आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस," वन्सं कडाडल्या.

"त्यांच्या देखत काय बोलणार मी, वन्सं?"

"मग कुणाच्या देखत बोलणार आहेस?"

फेरविचाराचा अर्ज केला. तेच शब्द नव्या तारखेने परत आले. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई बदलून दुसरीकडे गेल्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी जुने कागद चाळून, वायरमनशी थोडा वेळ गप्पा मारून, "प्रगती समाधानकारक" असं लिहून दिलं. ते पत्र घेऊन टेलरबाई जिन्यात बराच वेळ उभी होती. फाडून टाकावं असंही तिच्या मनात आलं. पण त्याची एक प्रत आधीच भत्त्याच्या कार्यालयात गेलेली होती.

राहिलं अपील. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर फुकट सल्ला देणाऱ्या एक वकीलबाई बसत. सतत सर्दी झालेल्या, समोर कागदांचा ढीग, पण ऐकायच्या मन लावून. टेलरबाईने त्यांना सगळं सांगितलं. सॉकेट, शेगडी, पाव आणायला गेलेला नवरा संध्याकाळी एका जुन्या इमारतीच्या दाराशी सापडला होता आणि पहारेकऱ्याकडे मीटरच्या खोलीची किल्ली मागत होता, ते. आणि शेवटी बोर्डाचंही. आजवर तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं, वन्संनाही नाही.

वकीलबाईंनी नाक पुसलं आणि पेन खाली ठेवलं. "हेच अपील ऐकणाऱ्या मंडळापुढे सांगायचं. एकही शब्द कमी न करता."

"ते नसताना सांगितलं तर चालेल का?"

"विचारून बघू."

विचारलं. मंडळाचं उत्तर आलं की अपील ज्याचं आहे त्याच्या पाठीमागे त्याच्याविषयी काही ऐकून घेता येणार नाही, तो त्याचा हक्क आहे. वकीलबाई म्हणाल्या, "नियम वाईट नाही. उद्या तुमच्याविषयी कुणी पाठीमागे बोललं तर तुम्हाला आवडेल का? फक्त तुमच्या बाबतीत तो उलटा फिरलाय." आणि मग जरा थांबून, "घरी आधी थोडी कल्पना देऊन ठेवा त्यांना."

त्या रविवारी दुपारी ती त्याच्यासमोर बसली. तो टेबलावर तारेचे तुकडे कापत होता.

"अहो, तिथे मला तुमच्याबद्दल काही बोलावं लागेल."

"बोल की."

"ऐकायला बरं वाटणार नाही. तुम्हाला काय काय जमत नाही, ते सांगायचंय."

त्याने पक्कड खाली ठेवली आणि तिच्याकडे बघितलं. क्षणभर तिला वाटलं, कळलं. पण त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू मिश्कील हसू पसरलं. "अगं, मग त्यात एवढं काय लाजतेस? भत्ता हवा तर चार गोष्टी वाढवून सांगाव्याच लागतात. ताई म्हणतच होती. तू हवं ते सांग, मी मान डोलावतो. ठेकेदाराचं काम सुरू झालं की भत्ता परत करून टाकू. लोकांचा पैसा आपल्याला पचायचा नाही."

"वाढवून नाही हो. खरंच—"

"हो हो, खरंच," तो म्हणाला आणि त्याने एक डोळा मिचकावला. "अगदी असंच बोल तिथे."

ती उठून आत गेली. पुन्हा बोलायचा धीर तिला झाला नाही. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात तिला हायसंही वाटलं. तो नाटक समजतोय तर समजू दे. ती खरं बोलेल, मंडळाला ते खरं वाटेल, त्याला खोटं वाटेल, आणि कुणाचंच काही मोडणार नाही. ही समजूत तिला सुनावणीला निघेपर्यंत पुरली.

सुनावणीची खोली साधीच होती. लांब टेबल, पाण्याचा जग, न उघडणारी खिडकी. टेबलापलीकडे तिघं. मधे अध्यक्ष, उजवीकडे मंडळावरचे डॉक्टर, आणि डावीकडे एक बाई, ज्यांची काठी खुर्चीला टेकवून ठेवलेली होती. त्या काठीकडे बघून टेलरबाईला उगाच धीर आला. वकीलबाई टेबलाच्या कोपऱ्याशी बसल्या, वन्सं मागच्या खुर्चीवर ताठ बसल्या. वायरमनने लग्नाकार्याला घालायचा कोट घातला होता. ती नको म्हणाली तरी त्याने ऐकलं नव्हतं.

आधी त्याला विचारलं. या वेळी त्याने नाटक करायचं ठरवलेलं होतं. "जमत नाही हो साहेब," तो मोठ्या आवाजात म्हणाला. "काही म्हणता काही जमत नाही." आणि टेलरबाईकडे बघून, जमलं ना, अशा अर्थाने भुवई उडवली. अध्यक्षांनी ती उडालेली भुवई बघितली.

मग तिची पाळी आली. तिने टेबलाच्या कडेवर नजर ठेवली आणि बोलायला सुरुवात केली. शेगडीचं सांगितलं. पावाचं सांगितलं. नवरा शेजारी मान डोलावत होता, गालातल्या गालात हसत होता, मधेच "अरे बापरे" असंही म्हणाला. सॉकेटची गोष्ट ती सांगत असताना तर तो कौतुकाने तिच्याकडे बघायला लागला. बायकोला इतकं छान रचता येतं हे त्याला माहीत नव्हतं.

काठीवाल्या बाईंनी विचारलं, "मग दिवसभर ते काय करतात? तुम्ही तर कामावर असता."

वकीलबाईंनी तिच्याकडे बघून हलकेच मान हलवली.

"बोर्ड करतात," ती म्हणाली. "स्विचबोर्ड. मीच आणून देते."

"म्हणजे विजेचं काम करू शकतात," डॉक्टर म्हणाले.

"नाही. तो बोर्ड कुठे लागत नाही. कुणी ठेकेदार नाही, काही नाही. ते तारा जोडतात, मी दुकानात नेऊन सोडवते आणि परत आणून देते. त्यांना नवा वाटतो."

शेजारचं हसू थांबलं. तिने वर बघितलं नाही, पण तिला ते कळलं.

"कधीपासून चाललंय हे?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

"घरी आले तेव्हापासून, जवळजवळ."

अध्यक्ष वायरमनकडे वळले. "तुमच्या पत्नी सांगतात ते बरोबर आहे का?"

वायरमनने तोंड उघडलं. मान डोलवायची होती एवढं त्याला आठवत असावं, कारण ती थोडीशी हलली. मग तो म्हणाला, "बोर्डाचं काम मी चोख करतो साहेब. त्या ठेकेदाराला विचारा." मग बायकोकडे वळून, "अगं, ते तेवढं खोटं आहे ना? बाकीचं राहू दे. ते बोर्डाचं?"

मागे वन्संची खुर्ची करकरली.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "एक विचारतो. घरात जळका वास आला तर तुम्ही काय कराल?"

"मेन बंद करीन," वायरमन म्हणाला. त्याचं लक्ष डॉक्टरांकडे नव्हतं, पण उत्तर आपोआप आलं. "मग लोकांना बाहेर काढीन. पाणी अजिबात मारणार नाही."

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

वकीलबाई म्हणाल्या, सांगता येणं वेगळं आणि करता येणं वेगळं. हाच तर या आजाराचा भाग आहे. त्या चांगलं बोलल्या. काठीवाल्या बाई ऐकतही होत्या. अध्यक्ष म्हणाले, "निर्णय कळवू." झालं.

घरी जायला बस होती, पण तो थांब्यावर थांबेना, म्हणून तीही त्याच्याबरोबर चालत निघाली. वन्सं मागे राहिल्या. बँकेची इमारत गेली, चपलांची दुकानं गेली, एका इमारतीवर रंगाच्या परांच्या बांधल्या होत्या त्यांच्या खालून दोघं गेली. तिला आशा होती की घर येईपर्यंत तो विसरेल. कितीतरी गोष्टी विसरतो, ही का विसरणार नाही? पण कुठली गोष्ट राहील आणि कुठली जाईल, हे तिच्या हातात कधीच नव्हतं.

पुलाच्या चढावर तो म्हणाला, "किती बोर्ड होते?"

"अहो, सोडा ना ते आता."

"नाही, सांग. मी मोजले नाहीत. किती केले मी?"

ती थांबली. खोटं बोलायची तिला इतकी सवय होती की एक आकडा तिच्या ओठांवर आलाही होता. पण तो तिच्याकडे बघत होता, आणि तो बघणारा माणूस शिडीवरून पडण्याआधीचा वायरमन होता, कामाचा हिशेब चोख मागणारा. त्या माणसाला ती किती दिवसांनी भेटत होती.

"एकच," ती म्हणाली.

तो कठड्याला हात लावून जरा उभा राहिला, मग चालायला लागला. दुसऱ्या दिवशी तो ते विसरला असेल असं तिला वाटलं. विसरला नव्हता. रडण्याचं कारण विसरणारा माणूस, पण हे धरून बसला. कसं ते इस्पितळातल्या नव्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. ते म्हणाले, "मनाला लागलेलं वेगळ्या ठिकाणी राहत असेल."

निर्णय आला. अपील फेटाळलं होतं. त्यात त्यांच्याविषयी सहानुभूतीचं एक वाक्य होतं. पुढे लिहिलं होतं की पत्नीने दिलेली माहिती, तिची काळजी समजून घेऊनही, काही अंशी अतिशयोक्त वाटते. ती माहिती दिली जात असताना स्वतः अर्जदार अनेकदा हसताना दिसले. धोक्याच्या प्रसंगी काय करावं याचं त्यांना पूर्ण ज्ञान आहे. तीनपैकी एका सदस्याचं मत वेगळं होतं, एवढंही नोंदवलं होतं. कोणाचं ते लिहिलं नव्हतं, आणि त्याने फरकही पडत नव्हता.

वन्सं आल्या, निर्णय वाचला, चष्मा काढून पदराने पुसत बसल्या. ओरडल्या नाहीत. टेलरबाईला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मीच तुला बोलायला लावलं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही नाही वन्सं. बोलले मी."

"तो आता माझ्याकडे बघतही नाही."

"माझ्याकडे बघतात," टेलरबाई म्हणाली. "सारखे बघतात."

तेच तर झालं होतं. वायरमन आता प्रत्येक गोष्ट विचारायला लागला होता. पाण्याचा पेला उचलायच्या आधी तिच्याकडे बघायचा. दार उघडू का, खिडकी लावू का, हे जमेल का मला. विनोद संपले. कुणी भेटायला आलं तर ते शिडीचं आणि स्क्रूचं सांगेनासा झाला. खालची शेजारीण एकदा म्हणाली, "आता निदान धोका तरी नाही गं, बसल्या जागी बसून असतात." तिचं म्हणणं खरंच होतं. गॅसचा कॉक चालू ठेवला तरी तो ओट्याकडे फिरकत नव्हता.

वकीलबाईंचा फोन दुकानात आला. टेलरबाई तेव्हा एका कोटाची बाही आखूड करत होती. नव्या मॅनेजरने काचेतून तिच्याकडे बघितलं. तिने पाठ फिरवली.

"वरच्या न्यायालयात फक्त कायद्याची चूक दाखवता येते," वकीलबाई म्हणाल्या. "मी वाचलं सगळं. चूक माणसांची आहे, कायद्याची सापडत नाही मला."

"बरं."

"पण एक आहे. नवा अर्ज करता येईल. तुम्ही सांगताय तशी त्यांची परिस्थिती आता... म्हणजे स्वतःहून काहीच करत नाहीत, बोलत नाहीत, प्रत्येक गोष्टीला सांगावं लागतं. हे तपासणीत दिसेल. आता कुणालाही दिसेल. या वेळी मिळायची शक्यता बरीच आहे."

टेलरबाई फोन कानाला धरून उभी राहिली. टेबलावर उसवलेल्या बाहीचे दोरे पडले होते, ते तिने बोटाने गोळा केले.

"ऐकताय ना?" वकीलबाईंनी विचारलं.

"ऐकतेय. म्हणजे ते बरे दिसत होते तोवर मिळत नव्हतं, आणि आम्ही भांडून त्यांना असं केलं म्हणून आता मिळेल."

पलीकडे वकीलबाईंनी नाक ओढलं. "मला तसं म्हणायचं नव्हतं."

"नाही, तुम्ही कशाला म्हणाल." तिने फोन दुसऱ्या कानाला धरला. "पाठवा अर्ज. भरते मी."

त्या दिवशी मॅनेजरने तिला बोलावून घेतलं आणि अमुक तमुक सांगून तिचे कामाचे दिवस कमी केले. तिने वाद घातला नाही. वाद घालायची ताकद एकाच ठिकाणी खर्च होऊन गेली होती.

घरी आली तेव्हा वायरमन पलंगाच्या कडेवर बसलेला होता. अंगात कोट, पायांत बूट. सकाळी शेजारणीने त्याला खाली चार पावलं फिरवून आणलं होतं, तेव्हापासून तो तसाच बसून होता.

"अहो, अजून कोट काढला नाही?"

त्याने तिच्याकडे बघितलं. "काढू का?"

"काढा ना."

त्याने एक बाही काढली, मग दुसरी. कोट हातात घेऊन तो उभा राहिला आणि पुढचं काय म्हणून वाट बघायला लागला. तिने तो त्याच्या हातातून घेतला, खुंटीला अडकवला, आणि बूट काढायला त्याच्या पायाशी खाली बसली.